नानांची वही आणि आमचा एजंट

सोमवारी सकाळी ऑफिसला पोचले, कॉफी घेतली, लॅपटॉप उघडला आणि बघते तर काय... वीकेंडमध्ये जगात डॉलरचा महापूर आलेला!

आमच्या एआय एजंटनं रविवारी रात्री एक रिपोर्ट करून ठेवला होता. भाषा एकदम चकाचक. मुद्दे, उपमुद्दे, शेवटी शिफारस. आणि त्यात लिहिलं होतं, की बीएनबी चेन नावाच्या ब्लॉकचेनवर यूएसडीटी या डिजिटल डॉलरचा साठा अमुक इतका आहे. ते ‘अमुक इतका’ एका ओळीत मावत नव्हतं. मी शून्यं मोजायला घेतली, मध्येच चुकले, पुन्हा मोजली. पृथ्वीवरचे सगळे देश विकायला काढले तरी एवढे डॉलर जमायचे नाहीत. एजंटला मात्र त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ‘पुरवठा मुबलक आहे,’ असं त्याचं शांत मत.

टीम लीड मागे येऊन उभा राहिला. ‘‘क्लायंटला गेलं हे?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘देवा,’’ म्हणाला आणि गेला. (अप्रेझल महिन्यावर होतं. त्याचं आणि माझंही.)

ही २०२५ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. चूक एजंटची नव्हती, आमचीच होती. तीही अशी की शाळेतल्या मास्तरांनी कान धरला असता. ब्लॉकचेनला ‘नाणी किती?’ असं विचारलं की ती एक लांबलचक पूर्ण संख्या देते, त्यात दशांश चिन्ह नसतं. ते कुठे द्यायचं हे आपण वेगळं विचारायचं. यूएसडीटीच्या बाबतीत इथेरियमवर ते सहा घरं आत असतं, बीएनबी चेनवर अठरा घरं आत. आम्ही सरसकट सहा धरलं. म्हणजे कोणी तुम्हाला पगार पैशांत सांगावा आणि तुम्ही तो रुपये समजून फ्लॅट बुक करावा, तसलाच प्रकार. फक्त इथे दोन नाही, बारा शून्यं जास्त.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं आहे तरी काय? तर थोडक्यात फंडा असा. स्टेबलकॉइन म्हणजे इंटरनेटवरचं असं नाणं, ज्याची किंमत कायम एक डॉलर राहावी अशी अपेक्षा असते. टेदर कंपनीचं यूएसडीटी, सर्कल कंपनीचं यूएसडीसी ही त्यातली मोठी मंडळी. तुम्ही कंपनीला डॉलर द्या, ती तेवढी नाणी काढते. नाणी परत द्या, ती डॉलर देते आणि नाणी जाळून टाकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जगातल्या अशा सगळ्या नाण्यांची बेरीज ३०,००० कोटी डॉलरच्या वर गेली. आणि ही नाणी एका ठिकाणी नसतात. इथेरियम, ट्रॉन, सोलाना, बीएनबी चेन अशा कितीतरी वेगवेगळ्या खातेवह्यांमध्ये ती विखुरलेली असतात.

आमच्या बाणेरच्या छोट्याशा ऑफिसात आम्ही एक टूल बनवतो. माणसांसाठी नाही, एआय एजंटांसाठी. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, जो नुसत्या गप्पा मारत नाही, कामं करतो. एखाद्या कंपनीचे डिजिटल डॉलर कुठे ठेवायचे, कुठून काढायचे, हे हल्ली असे एजंट ठरवायला लागलेत. हे करण्याआधी त्याला कळायला हवं, की या नाण्याचा साठा कुठल्या चेनवर किती आहे, कालपेक्षा वाढला की घटला. नुसतं मॉडेलला विचारलं तर ते आठवणीतला जुना आकडा ठोकून देतं, तेही छातीठोकपणे. म्हणून आमचं टूल. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी नावाची एक पद्धत आली, तिच्यामुळे असं टूल कुठल्याही एजंटच्या हातात देणं सोपं झालं. एजंट विचारतो, आम्ही चेनवर जाऊन मोजतो, आकडा देतो. सोप्पं. असं मला दिवाळीपर्यंत वाटायचं.

दिवाळीला मी गावी गेले. माझं गाव धारूर तालुक्यातलं, बीड जिल्हा. (हो, १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली, अहिल्यानगरपर्यंत. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहून. मी मात्र सवयीनं एसटीच धरली. मांजरसुंब्याला चहा प्यायल्याशिवाय घरी निघाल्यासारखं वाटतच नाही.) रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काळं पडून गेलेलं दिसत होतं. सप्टेंबरच्या पावसानं आमच्याकडे हातातोंडाशी आलेलं सगळं धुऊन नेलं होतं.

माझे मोठे चुलते, नाना, हे मुकादम. ऊसतोडीचे. तुमच्यापैकी जे पुण्या-मुंबईतच वाढले, त्यांच्यासाठी सांगते. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. सीझनच्या आधी त्यांना उचल मिळते, म्हणजे ॲडव्हान्स. तो कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून येतो आणि मुकादमाच्या हातून वाटला जातो. पुढचे पाच-सहा महिने कोपीत राहून, फडात राबून ती उचल फेडायची. या सगळ्या पद्धतीबद्दल माझी मतं वेगळी आहेत आणि त्यावरून मी नानांशी दर दिवाळीला भांडते. यंदाही भांडले. पण या वेळी भांडण संपल्यावर मी ओसरीवर बसून नानांची वही बघत होते. बघता बघता मला घाम फुटला. चारशे पानी, लाल कापडाच्या पाठीची ती वही म्हणजे आमच्या टूलची पुढची आवृत्ती होती!

झालं असं. मी विचारलं, ‘‘नाना, यंदा कोयते किती?’’

‘‘कुठले विचारायलीस? लिहिलेले, उचल दिलेले का गाडीत बसलेले?’’

‘‘वेगवेगळे असतात?’’

‘‘मग! यादीत सोळा. उचल घेतलेले चौदा. त्यातले दोन दुसऱ्या मुकादमाकडं बी नाव लावून आल्यात असा मला संशय. म्हंजे बारा. गाडीत बसतील तवा खरं.’’

बॉस, सोळा, चौदा, बारा! एकाच टोळीचे तीन आकडे आणि तिन्ही खरे. आमच्या टूलमध्ये एकच आकडा होता.

आमच्या भागात ही नेहमीची भानगड. एकच जोडी दोन मुकादमांकडून उचल घेते, किंवा एक मुकादम तीच टोळी दोन कारखान्यांना दाखवून दोघांकडून पैसे उचलतो. कागदावर दोन्हीकडे कोयते भरतात. बेरीज केली तर जिल्ह्यात दुप्पट कोयते दिसतात. फडात मात्र एकच जोडी उभी असते, किंवा तीही नसते. पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली अशी प्रकरणं दर सीझनला पेपरात येतात.

डिजिटल डॉलरचंही डिट्टो असंच होतं. समजा, तुमच्याकडे इथेरियमवर शंभर यूएसडीसी आहेत आणि तुम्हाला ते दुसऱ्या चेनवर न्यायचेत. एक पद्धत अशी की सर्कल कंपनी इकडचे शंभर जाळते आणि तिकडे शंभर नवे काढते. बेरीज तीच राहते. दुसरी पद्धत पुलाची. मध्ये एक पूलवाला असतो. तो तुमचे शंभर इथेरियमवर कुलूपबंद करतो आणि तिकडे त्यांच्या शंभर नकला देतो. आता इथेरियमला विचारा, ती म्हणते शंभर आहेत, कारण ते कुलपात का होईना, आहेतच. दुसऱ्या चेनला विचारा, तीही म्हणते शंभर. भोळ्या एजंटनं बेरीज केली, दोनशे. खरे किती? शंभर. एक कोयता, दोन कारखाने.

मी नानांना हे सांगायला गेले. ‘‘आमचा एजंट आहे ना नाना, तो...’’

‘‘एजंट? म्हंजे पिग्मीवाला?’’

हसू नका. आमच्याकडे एजंट या शब्दाचा अर्थ हाच. रोज संध्याकाळी दुकानांत फिरून पन्नास-शंभर रुपये गोळा करणारा, छोटं मशीन घेतलेला माणूस. आणि पिग्मीचा विषय निघाला की ओसरीवर लगेच शांतता पसरते. कारण बीड.

ज्ञानराधा मल्टिस्टेट हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. बीडची पतसंस्था, राज्यभर शाखा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचे अध्यक्ष सुरेश कुटे यांच्या उद्योगसमूहावर प्राप्तिकर खात्याच्या धाडी पडल्या. ठेवीदार घाबरून शाखांवर धावले आणि पुढे शाखांची शटर्स बंद झाली. २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले, जूनमध्ये कुटे यांना अटक झाली. ईडीचं म्हणणं असं, की १२ ते १४ टक्के व्याजाचं आमिष दाखवून ठेवी गोळा केल्या गेल्या आणि त्यातले दोन हजार कोटींहून जास्त रुपये कर्जाच्या नावाखाली कुटे ग्रुपच्याच कंपन्यांकडे वळवले गेले. ठेवीदारांची संख्या लाखांत. खटल्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. पण या जिल्ह्यात आज ‘पैसे कुठे ठेवले?’ हा प्रश्न कोणी सहज विचारत नाही.

आणि नेमक्या याच जखमेवर बोट ठेवून माझ्या चुलत दादाला कोणीतरी गाठलं होतं.

दादानं दिवाळीआधी जुना ट्रॅक्टर विकला. तीन लाख आले. पीक गेलेलं, त्यामुळे घरात तेवढीच रोकड. तो मला बाजूला घेऊन गेला, मोबाइल काढला आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपमधला व्हिडिओ दाखवला. डिजिटल डॉलर. महिन्याला दीड टक्का. एआय एजंट चोवीस तास तुमचे डॉलर या चेनवरून त्या चेनवर फिरवत राहणार. आणि पुढचं वाक्य असं सॉलिड होतं, की ज्यानं लिहिलं त्याला बीड चांगलं माहीत असणार. इथे अध्यक्ष नाही, संचालक नाहीत, शाखा नाही. पळून जायला कोणी नाहीच! सगळं ब्लॉकचेनवर उघडं, कोणीही मोजून घ्या.

‘‘तू ह्येच काम करतीस ना? मग मोजून दाखव,’’ दादा म्हणाला.

खरं सांगते, त्या क्षणी पोटात गोळा आला. ऑफिसात बारा शून्यं चुकली तर टीम लीड ‘देवा’ म्हणतो आणि आपण पिझ्झा मागवतो. इथे आकडा चुकला तर ट्रॅक्टर जातो.

पहिली गोष्ट, नावावर जायचं नाही. कुठल्याही चेनवर कोणीही, अगदी मीसुद्धा, आज संध्याकाळी ‘यूएसडीटी’ नावाचं नाणं काढू शकते. नावाला मालकी नाही. नाण्याची खरी ओळख म्हणजे त्याचा कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस, आणि तो कंपनीनं स्वतः जाहीर केलेल्या यादीशी ताडून बघायचा. नानांच्या यादीत एकाच नावाचे तीन गडी आहेत. म्हणून नाना नावापुढे आधारचे शेवटचे चार आकडे लिहितात.

दादाच्या ग्रुपवाल्यांचं नाणं कंपनीच्या यादीत नव्हतं. ते एका छोट्या चेनवरची नक्कल होतं, पुलावरून आलेली. आमच्या टूलनं आकडा बरोबर दिला, अगदी दशांशासकट. आकडा काही लाख डॉलरचा, स्थिर, छान. दादाचा चेहरा खुलला. ‘‘हायेत की मग!’’

इथे मला फँटमची आठवण झाली. २०२३ मध्ये मल्टिचेन नावाचा एक मोठा पूल होता. फँटम या चेनवरचं बहुतेक यूएसडीसी म्हणजे या पुलावरून आलेल्या नकला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कुलपातले १२ कोटी डॉलरहून अधिक भलतीकडेच निघून गेले. मग १४ जुलैला कंपनीनंच जाहीर केलं, की आमचे प्रमुख मे महिन्यापासून चिनी पोलिसांच्या ताब्यात आहेत आणि पुलाच्या किल्ल्या त्यांच्याकडेच होत्या. म्हणजे जगभर ‘इथे कोणी मालक नाही’ म्हणून मिरवणाऱ्या पुलाची किल्ली एका माणसाच्या खिशात! नकलांची किंमत डॉलरच्या पार खाली कोसळली. आणि गंमत बघा, त्या दिवशी फँटमला ‘नाणी किती?’ विचारलं असतं तर तिनं शांतपणे जवळपास कालचाच आकडा सांगितला असता. नकला होत्या तिथेच होत्या. पलीकडचं कुलूप तेवढं रिकामं झालं होतं.

दादाला सांगितलं, की मी पावत्या मोजल्या. तिजोरी वेगळी मोजावी लागते.

‘‘मग मोज की.’’

बघितलं. पुलाचं कुलूप ज्या पत्त्यावर आहे असं त्यांचा व्हिडिओ सांगत होता, तिथे नकलांच्या निम्मेही डॉलर नव्हते. बाकीचे ‘दुसऱ्या पाकिटात’ आहेत म्हणे. कुठल्या, ते लिहिलेलं नव्हतं.

नाना इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, ‘‘त्या तुमच्या मोठ्या कंपन्यांचं तरी कुलूप कोण बघतं?’’

हा प्रश्न माझ्या कॉन्फरन्सेसमध्ये लोक इंग्रजीत, स्लाइड लावून विचारतात. उत्तर असं, की मोठ्यांच्या बाबतीत चेनवर फक्त नाणी दिसतात. खरे डॉलर बँकांत आणि अमेरिकी सरकारच्या रोख्यांत असतात, आणि ते कोणी हिशेबनीस बघून सांगेल तेवढंच आपल्याला कळतं. टेदरवर ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीएफटीसी या नियामकानं ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड ठोठावला. २०१६ ते २०१८ मधल्या २६ महिन्यांत पुरेसे डॉलर खात्यात होते ते जेमतेम २७.६ टक्के दिवस, असं त्यांच्या आदेशात आहे. सर्कलचं यूएसडीसी त्या मानानं सरळमार्गी. पण मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा त्यांचे ३३० कोटी डॉलर तिथे अडकले होते. एका शनिवारी ते नाणं ८८ सेंटच्या आसपास घसरलं. अमेरिकी सरकारनं ठेवींची हमी घेतली, सोमवारपर्यंत गाडी रुळावर आली. त्या शनिवारी चेनवरचा आकडा बघून कोणाला काही कळलं नसतं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जिनियस ॲक्ट आला, त्यात राखीव पैशांचे नियम आणि महिन्याला हिशेब जाहीर करायचं बंधन आहे. ठीक आहे, चांगलं आहे. दादाच्या ग्रुपवाल्यांना मात्र तो लागू करायला धारूरला कोणी येणार नाही.

(आणि आपल्याकडचा हिशेबही दादाला सांगितला. १ एप्रिल २०२२ पासून असल्या कमाईवर सरळ ३० टक्के कर. १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस. व्हिडिओत हे कुठेच नव्हतं. आश्चर्य!)

नानांच्या वहीकडे परत येते, कारण तिथून मी अजून दोन गोष्टी उचलल्या.

एक, वाटेतला ट्रक. टोळी घाट उतरली, पण कारखान्यावर पोचली नाही, अशी एक रात्र असते. गावातल्या यादीतून नाव कटलं, तिकडच्या यादीत लागलं नाही. नाना त्या रात्रीसाठी वहीत वेगळा रकाना ठेवतात, ‘वाटेत’. आमच्याकडे हा रकाना नव्हता. नाणी इकडे जाळली आणि तिकडे अजून निघाली नाहीत, त्या मिनिटाला आम्ही मोजलं की साठा घटल्यासारखा दिसायचा. शिवाय आम्ही एक चेन नऊ वाजता मोजायचो, दुसरी नऊ वाजून दहा मिनिटांनी, आणि बेरीज ‘आत्ताची’ म्हणून द्यायचो. आता प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठल्या ब्लॉकचा, किती वाजताचा, हे लिहून देतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. वहीत काही नावांपुढे आडवी रेघ होती, काहींपुढे शून्य. मी विचारलं फरक काय.

‘‘शून्य म्हंजे येत न्हाई म्हणून सांगितलं. रेघ म्हंजे फोन लागला न्हाई.’’

मला तिथल्या तिथे टीम लीडला फोन करावासा वाटला. आमच्या टूलमध्ये एखाद्या चेनशी संपर्क तुटला की काय व्हायचं माहितेय? आकडा शून्य जायचा! म्हणजे नेटवर्क पाच मिनिटं डाऊन, आणि एजंटला दिसणार की ट्रॉनवरचं सगळं यूएसडीटी गायब झालं. माणूस असला तर म्हणेल, छे, काहीतरी गंडलंय. एजंट म्हणेल, साठा कोसळला, विका. तो झोपत नाही, चहाला जात नाही, कोणाला विचारत नाही. कोणाचे तरी खरे पैसे तो त्या शून्यावर हलवून मोकळा होईल. आता आम्ही रेघ ओढतो. आकड्याच्या जागी ‘उत्तर मिळालं नाही’. एजंटला ते आवडत नाही, तो पुन्हा पुन्हा विचारत बसतो. बसू दे.

अजून एक किस्सा राहिला. त्याच दिवाळीच्या आठवड्याभर आधीचा. आपल्याकडे १६ ऑक्टोबर लागून तासभरही झाला नव्हता, तेव्हा आमच्या टूलनं अलार्म दिला. सकाळी बघितलं, पेपालचं नाणं पीवाययूएसडी, इथेरियमवर साठा ३०० लाख कोटी डॉलरनी वाढलाय. मी कपाळावर हात मारला. पुन्हा शून्यं! टीम लीड तर चार्जर गुंडाळून घरी जायच्या बेतात. अर्धा तास आम्ही आमचा कोड उलटापालटा करत होतो. आणि मग कळलं, की या वेळी आम्ही बरोबर होतो. ते नाणं काढणाऱ्या पॅक्सॉस कंपनीकडून खरोखरच चुकून ३०० लाख कोटी डॉलरची नाणी निघाली होती. जगाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. वीस-बावीस मिनिटांत त्यांनी ती जाळून टाकली आणि अंतर्गत तांत्रिक चूक झाली, ग्राहकांचे पैसे सुरक्षित आहेत, असं जाहीर केलं. आवे या कर्जाच्या प्लॅटफॉर्मवर त्या नाण्याचे व्यवहार तात्पुरते गोठवावे लागले.

म्हणजे बघा, दसऱ्यानंतरचा आकडा खोटा होता, तो अशक्य दिसत होता. हा आकडा खरा होता, तोही तितकाच अशक्य दिसत होता. दोन्ही वेळा एजंटनं एकच करायला हवं, हात वर करून थांबायचं आणि माणसाला उठवायचं. हा नियम आम्ही त्याच दिवशी घातला. तो लिहायला बारा ओळी लागल्या. किती टक्के उडीला ‘अशक्य’ म्हणायचं यावर मात्र आमच्यात अजून वाद चालू आहे. टीम लीड म्हणतो वीस, मी म्हणते पाच. माझं म्हणणं, रात्री उठायला लागलं तर लागलं.

दादाचं पुढे काय झालं? मी त्याला तीन प्रश्न लिहून दिले. नाणं कंपनीच्या यादीत आहे का? नकलांमागचे डॉलर नेमके कुठल्या पत्त्यावर कुलपात आहेत? कुलपाची किल्ली किती जणांकडे आहे? दादानं ते जसेच्या तसे ग्रुपवर टाकले, शेवटी दोन्ही हात जोडल्याचा इमोजी घालून. अकरा मिनिटांत ॲडमिननं त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

दादा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘‘बरं, मग ठेवू कुठं?’’

मी सरकारी बँकेचं नाव घेतलं. तो कसनुसं हसला. साडेसहा टक्के. ट्रॅक्टर परत घ्यायला किती वर्षं लागतील ते त्यानं बोटांवर मोजलं आणि मध्येच सोडून दिलं. माझ्याकडे त्याला द्यायला दुसरं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तीन लाख सध्या बँकेतच आहेत.

भाऊबीज उरकली त्या रात्री ट्रक लागला. भांडी, सरपण, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या आणि झोपेत रडणारी दोन पोरं. नाना बॅटरी घेऊन मागच्या फाळक्यापाशी उभे, वही काखेत. एकेक जोडी वर चढली की टिंब करायचे. मीही मोबाइलवर मोजत होते, उगीच. अकरा झाले. नानांनी पलीकडच्या गावच्या मुकादमाला फोन लावला आणि एक नाव सांगून विचारलं, ‘‘तुझ्या गाडीत बसलाय का बघ.’’ पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. नानांनी वहीत त्या नावापुढे काहीतरी केलं. मी वाकून बघितलं.

रेघ होती.